मारामारी करण्याआधी

बडोद्यात बुद्धिबळाच्या क्लासला जाणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या कुठल्याही मुलाला विचारा, पांढरे मोहरे आले तर काय खेळतोस? ‘इटालियन’ नाहीतर ‘लंडन’ असं उत्तर ताबडतोब येतं. काळे आले तर? ‘कारो-कान’. ही सगळी ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची, नावं. काही मुलं पहिल्या दहा-बारा चाली न अडखळता म्हणून दाखवतात आणि शेजारी उभ्या असलेल्या आईचा चेहरा खुलतो. मग विचारा, एकीकडे राजा आणि एक प्यादं, दुसरीकडे नुसता राजा, तर कोण जिंकेल? मूल आईकडे बघतं, आई सरांकडे बघते आणि सर म्हणतात, ते आपण पुढच्या लेव्हलला घेणार आहोत.

त्या आयांमध्ये एके काळी मीही होते. २४ डिसेंबर २०१० रोजी अहमदाबादेत २०,४८० जण एकाच वेळी पट मांडून बसले, विश्वनाथन आनंद स्वतः हजर होता, गिनीज बुकात नोंद झाली. पुढची काही वर्षं आमच्या ओळखीपाळखीत मुलांना चेसला घालायची लाटच होती. माझ्या मुलीचा जीव मात्र गरब्यात. तिनं क्लास सोडला, पट आणि घड्याळ घरात राहिलं, आणि चाळिशी उलटल्यावर खेळायला लागले मी. नोकरी हिशेबाची, आठवडाभर आकड्यांशी झटापट, त्यामुळे रविवारी पुन्हा डोकं कशाला शिणवतेस असं घरचे विचारतात. मार्च २०२४ पासून फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, रेटिंगची यादी १४०० पासूनच सुरू केली. मी तिच्या अगदी तळाशी आहे, पण आहे.

माझ्यासारख्या खेळाडूला सल्ला द्यायला सगळं जग टपलेलं असतं, आणि सगळ्या सल्ल्यांत एक वाक्य हमखास असतं: एंडगेम, म्हणजे थोडेच मोहरे उरल्यावरचा शेवटचा टप्पा, सुधारा. कसं सुधारायचं ते फारसं कुणी सांगत नाही, आणि का सुधारायचं याचं जे कारण सांगतात ते मला आता अर्धवट वाटतं. म्हणतात, शेवटच्या टप्प्यात अर्धा-अर्धा गुण वाचतो. वाचतो, खरंच आहे. पण राजा आणि प्याद्यांचा अभ्यास करायला लागल्यावर माझा बदल दिसला तो डावाच्या मधोमध, पटावर अजून पंधरा-सोळा मोहरे असताना. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. त्याआधी काकांबद्दल सांगायला हवं.

काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मित्र. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात राहतात, प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाले त्यालाही आता बराच काळ लोटला. स्पर्धा ते फारशा खेळले नाहीत. पण त्यांच्या आजोबांनी त्यांना आपल्या जुन्या पद्धतीनं खेळायला शिकवलेलं: प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर जाणार, डाव सावकाश उलगडणार, आणि शेवटी मात करायची तर प्याद्यानं, तिचा मान सगळ्यात मोठा. प्यादेमात खाल्लेला माणूस चार दिवस तोंड लपवायचा म्हणे. पुढे काका आंतरराष्ट्रीय नियमांकडे वळले, मात्र ओपनिंगबद्दलचं त्यांचं औदासीन्य कायम राहिलं. पहिल्याच दिवशी मी उत्साहानं मांडणी करत होते, तर म्हणाले, “ओपनिंग तुझं तू फोनवर बघ. माझ्याकडे आलीस ना, मग आधी पट मोकळा कर.”

पटावर तीनच मोहरे उरले. (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच अक्षरं आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूनं एक ते आठ आकडे, त्यावरून घराचं नाव.) पांढरा राजा ई४ वर, त्याच्या मागच्या घरात ई३ वर पांढरं प्यादं, आणि समोर एक घर सोडून ई६ वर काळा राजा. चाल पांढऱ्याची, म्हणजे माझी.

“जिंकतेस का?”

एक प्यादं जास्त आहे, राजा पुढे आहे, मग जिंकायला काय हरकत? राजा डी४ वर नेला, काका डी६ वर आले. एफ४ वर गेले, ते एफ६ वर. मी कुठेही वळले तरी ते तोंडासमोर उभे. प्यादं सरकवावं तर पुढे माझाच राजा. पुष्कळ वेळ असं नाचून झाल्यावर काकांनी जाहीर केलं, बरोबरी. मग सगळं मूळ जागी ठेवलं, फक्त प्यादं ई३ वरून उचलून एक घर मागे, ई२ वर ठेवलं.

“आता?”

प्यादं आणखी मागे गेलं म्हणजे माझं आणखी नुकसान, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात आता पांढरा जिंकतो. प्यादं ई२ वरून ई३ वर सरकवायचं, बस. राजे समोरासमोर तसेच राहतात, पण चालीची पाळी काळ्यावर येते आणि त्याला बाजूला सरावंच लागतं. तो डी६ ला गेला की माझा राजा एफ५ ला घुसतो, तो एफ६ ला गेला की डी५ ला. मग माझा राजा प्याद्याला पुढची वाट करून देतो आणि प्याद्याचा वजीर होतो. दोन राजे असे एक घर सोडून समोरासमोर आले की ज्याच्यावर चालायची पाळी त्याची पंचाईत. याला सगळे अपोझिशन म्हणतात आणि ते प्रत्येक पुस्तकात सुरुवातीलाच असतं. मी वाचलेलंही होतं. पण ई३ वरचं प्यादं बरोबरी करतं आणि ई२ वरचं जिंकतं, हे बोटांनी खेळून बघितल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. मागे राहिलेल्या प्याद्याकडे एक चाल शिल्लक असते. पुढे गेलेल्यानं ती खर्च केलेली असते.

या एका गोष्टीनं माझ्या खेळातली एक खोड गेली. काही सुचत नसलं की कडेचं एखादं प्यादं एक घर पुढे ढकलायचं, ही सवय आमच्या पातळीवर सगळ्यांना असते. ती चाल निरुपद्रवी दिसते. पुढे तीस चालींनी, वजीर-हत्ती सगळे पटावरून गेल्यावर, नेमकी तीच एक चाल हवी असते आणि ती नसते.

काकांच्या शिकवणीची रीत अशी, की एखादी स्थिती दोन्ही बाजूंनी खेळायची. आधी पांढऱ्यांनी जिंकायचं, मग बाजू बदलून काळ्यांनी वाचवायचं, आणि नंतर एखादं प्यादं एका घरानं सरकवून विचारायचं, आता काय? काकू चहा ठेवता ठेवता एकदा म्हणाल्या, “वजीर गेला तरी तुमचं संपतच नाही का हो?” काका म्हणाले, “वजीर गेल्यावरच सुरू होतं.”

राजा-प्याद्यांच्या स्थिती आधी का, याचं त्यांचं उत्तर साधं आहे. हत्तींचं एंडगेम असो, उंटांचं असो, घोड्यांचं असो. त्यातले मोहरे एकमेकांना मारून संपले की खाली राजा आणि प्यादीच उरतात. म्हणून दर वेळी मारामारीची वेळ येते तेव्हा प्रश्न एकच असतो: हे सगळं गेल्यावर जे उरेल ते मी जिंकते, हरते की बरोबरीत सुटते? ज्याला उत्तर माहीत आहे तो मारतो किंवा थांबतो. ज्याला माहीत नाही तो मारून बघतो. एकदा मारामारी झाली की मोहरे परत पटावर येत नाहीत, त्यामुळे ‘मारून बघू’ हा बुद्धिबळातला सगळ्यात महागडा प्रयोग. एंडगेमचा अभ्यास डावाच्या मधोमध कामाला येतो तो असा.

वाघोडिया रोडवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, स्पर्धा होती. समोर इंजिनीअरिंगला असलेला मुलगा, माझ्यापेक्षा रेटिंगनं बराच वरचा. डावाच्या शेवटी त्याच्याकडे उंट आणि दोन प्यादी, जी आणि एच पट्टीवरची, माझ्याकडे एकटा घोडा. माझा राजा जवळच होता, घड्याळात मिनिटभर उरलं होतं. मी घोडा जी प्याद्यावर देऊन टाकला. त्यानं घोडा घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव, की आंटींना आता घरी जायची घाई झालेली दिसते. मी राजा एच१ वर नेऊन ठेवला आणि तिथून हलायचं नाव घेतलं नाही.

गोम अशी होती, की त्याचा उंट काळ्या घरांवरून चालणारा आणि त्याच्या उरलेल्या प्याद्याला वजीर व्हायचं होतं ते एच१ वर, जे पांढरं घर. कोपऱ्यातल्या पांढऱ्या घरातून माझ्या राजाला हुसकायची ताकद त्या उंटात नाही. त्याचा राजा फारच जवळ आला तर मला चालायला घर उरत नाही आणि शह नसताना कोंडी झाली की स्टेलमेट, म्हणजे पुन्हा बरोबरीच. एक उंट आणि एक प्यादं जास्त असून जिंकता येत नाही. त्यानं बऱ्याच चाली खेळून पाहिल्या, मग हात पुढे केला. एच प्याद्याच्या जागी जी पट्टीवरचं प्यादं उरलं असतं तर मी सरळ हरले असते. घोडा कुठल्या प्याद्यासाठी द्यायचा हा निर्णय मला काही सेकंदांत घेता आला, कारण शेवटची स्थिती आधी दिसत होती. हे हुशारीचं काम नव्हतं, माहितीचं होतं, आणि माहिती मिळवता येते ही माझ्या वयात मोठीच दिलाशाची गोष्ट आहे. आकडेमोडीचा वेग आता वाढणार नाही, त्या मुलांचा माझ्यापेक्षा तिप्पट असतो.

याच प्रश्नानं एक जगज्जेतेपद ठरलं, तेही अलीकडेच. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन, यांच्या लढतीतला चौदावा, शेवटचा डाव. गुण साडेसहा-साडेसहा. पटावर दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. गुकेशकडे दोन प्यादी, डिंगकडे एक. बघणाऱ्यांनी बरोबरी धरलेली आणि दुसऱ्या दिवशीच्या टायब्रेकची चर्चा सुरू झालेली. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं आपला हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. त्याचा उंट पटाच्या कोपऱ्यात, ए८ वर होता. गुकेशनं हत्ती मारला, डिंगच्या राजानं तो परत घेतला, आणि मग गुकेशनं आपला उंट डी५ वर आणून ठेवला. कोपऱ्यातल्या उंटाला दुसरी वाट नाही. उंटांचीही मारामारी अटळ. उरलं काय, तर राजा आणि दोन प्यादी विरुद्ध राजा आणि एक प्यादं. अठ्ठावन्नाव्या चालीला डिंगनं डाव सोडला आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.

त्या रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्यांना घोडा कसा चालतो हेही माहीत नाही अशांनीसुद्धा, डिंगला अक्कल शिकवली. मला ते आवडलं नाही. राजा-प्याद्यांचं ते एंडगेम हरलेलं आहे हे डिंगला कळत नव्हतं, असं कसं म्हणणार? तासन्‌तास बचाव करून थकलेल्या माणसाला मारामारी ही सुटका वाटते. पटावरचे मोहरे कमी झाले की धोके कमी होतील, असं मनाला वाटतं, आणि मनाचं हे वाटणं जगज्जेत्यालाही सुटत नाही. मारामारीला हात घालण्याआधी, हे मी जिंकण्यासाठी मारते आहे की सुटण्यासाठी, असं आता मी स्वतःला विचारते. उत्तर दुसरं आलं की हात मागे घेते आणि पुन्हा मोजते.

हत्तींचं एंडगेम हे प्रकरण वेगळं, आणि माझं सगळ्यात जास्त भांडण याच्याशीच. सगळ्यात जास्त वेळा येतं तेही हेच, कारण हत्ती कोपऱ्यात बसलेले असतात आणि पटावर उशिरा उतरतात. बाकीचे मरतात तेव्हा हे शिल्लक असतात. यात दोन स्थिती पाठ नसतील तर बाकीचं वाचून उपयोग नाही, हे माझं ठाम मत.

पहिली फिलिडोरची, अठराव्या शतकातली. त्या फ्रेंच उस्तादानं ती आपल्या पुस्तकाच्या १७७७ च्या आवृत्तीत मांडली. एक प्यादं कमी असलेल्यानं काय करायचं? आपला राजा समोरच्या प्याद्याच्या वाटेत, त्याच्या वजीर होण्याच्या घरात उभा करायचा. हत्ती आपल्या बाजूनं मोजून तिसऱ्या रांगेत आडवा ठेवायचा, म्हणजे समोरच्या राजाला ती रांग ओलांडता येत नाही. आणि मग काही करायचं नाही, फक्त हत्ती त्याच रांगेत डावी-उजवीकडे सरकवत राहायचं. समोरचा कंटाळून प्यादं त्या रांगेत ढकलेल, त्या क्षणी हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह द्यायला लागायचं. प्यादं पुढे सरकल्यामुळे त्याच्या राजाला लपायला आडोसाच राहत नाही. बरोबरी. ही एक युक्ती नीट येत असेल तर प्यादं कमी असतानाही माणूस शांतपणे बसू शकतो. मला तिनं एकापेक्षा जास्त वेळा वाचवलंय, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला वाटलं की आपण कुठेतरी हातातला डाव घालवला. मी खुलासा करत नाही.

दुसरी स्थिती लुसेनाच्या नावावर चालते. गंमत अशी, की लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकात ती नाहीच; ती सापडते १६३४ साली साल्व्हिओच्या पुस्तकात. जिंकणाऱ्याचं प्यादं सातव्या रांगेत, त्याच्या पुढे आठव्या रांगेत त्याचाच राजा अडकलेला, समोरचा राजा एका पट्टीपलीकडे तोडलेला. राजा बाहेर काढला की मागून शहांचा मारा सुरू. उपाय म्हणजे आपला हत्ती आधी चौथ्या रांगेत आणून ठेवायचा. राजा शह चुकवत खाली उतरतो आणि शेवटचा शह हत्ती मधे येऊन अडवतो. याला पूल बांधणं म्हणतात. एकाला बरोबरी करायची आहे, दुसऱ्याला जिंकायचं आहे. एक प्यादं जास्त असलेल्या हत्तीच्या डावात एकजण फिलिडोरकडे ओढत असतो आणि दुसरा लुसेनाकडे. हे कळल्यावर तो सगळा प्रकार माझ्यासाठी एकदम वाचनीय झाला. आधी नुसते हत्ती इकडून तिकडे पळताना दिसायचे.

पण पाठ असणं आणि बसून खेळणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर किती असू शकतं हे नोव्हेंबर २०१३ मध्ये चेन्नईत दिसलं. जगज्जेतेपदाच्या आनंद-कार्लसन लढतीतला पाचवा आणि सहावा, दोन्ही डाव हत्तींच्या एंडगेममध्ये गेले. दोन्ही आधी बरोबरीकडे झुकलेले, दोन्ही कार्लसननं जिंकले, आणि लढत तिथेच फिरली. अगदी किरकोळ फायदा, किंवा तोही नाही, आणि तरी हा माणूस उठत नाही. समोरच्याला प्रत्येक चालीला एक छोटा प्रश्न विचारत राहतो. मला त्या वेळी आनंदसाठी फार वाईट वाटलं होतं. आज ते डाव पुन्हा लावते तेव्हा कार्लसनच्या बाजूनं बघते.

पूर्वी मोठ्या स्पर्धांत लांबलेला डाव थांबवता यायचा. पुढची चाल पाकिटात बंद करून पंचांकडे द्यायची, रात्रभर घरी पट मांडून शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढे खेळायचं. संगणक आल्यावर, १९९० च्या दशकात, ही पद्धत मोडीत निघाली. आता सगळं एकाच बैठकीत, आणि एंडगेम येईपर्यंत घड्याळातली मूळ वेळ बहुतेक संपलेली असते. प्रत्येक चालीमागे मिळणाऱ्या तीस सेकंदांवर, रॅपिडमध्ये तर त्याहून कमी वेळात, पोट भरायचं. म्हणून मूळ स्थिती डोक्यात तयार असाव्या लागतात. तीस सेकंदांत फिलिडोर शोधून काढणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आणि शोधायला हल्ली फोन आहेच. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती, दोन राजे धरून, संगणकानं सोडवून ठेवल्या आहेत. २०१८ पासून त्या कुणालाही फुकट बघता येतात. स्थिती मांडायची, उत्तर हजर: पांढरा जिंकतो, किंवा बरोबरी. वादच नाही. काकांना मी ते दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं, दोन-तीन जुन्या शंका फेडून घेतल्या आणि फोन परत दिला. त्यांचं म्हणणं असं, की हा देव आहे, मास्तर नाही. मला ते पटतं, पण अर्धंच. काकांनी स्वतः जिंकता येतं म्हणून शिकवलेली एक स्थिती फोननं बरोबरी ठरवली, तेव्हा दुसऱ्या रविवारी त्यांनी ती गुपचूप वहीतून खोडली होती. माझी पद्धत अशी: आधी पटावर स्वतः खेळायचं, मग फोनला विचारायचं, आणि फोननं वेगळं सांगितलं की नेमकी कुठल्या चालीला बरोबरी निसटली ते शोधायचं. नुसतं उत्तर बघितलं की ते संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

काय शिकू नये, हेही कुणीतरी सांगायला हवं. उंट आणि घोडा घेऊन एकट्या राजाला मात करणं, हा प्रकार पुस्तकांत फार मानानं बसलेला असतो. २०१३ साली जिनिव्हात महिला जगज्जेती आना उशेनिनालासुद्धा ओल्गा गिर्याविरुद्ध तो जमला नाही. पन्नास चालींचा नियम (तेवढ्या चालींत काही मारलं नाही आणि प्यादं हललं नाही तर बरोबरी) आडवा आला आणि डाव बरोबरीत सुटला. म्हणून लगेच सगळे तो गिरवायला लागले. मी गिरवत नाही. माझ्या पातळीवर तो कितीदा येणार? तेवढा वेळ मी हत्तीला देईन. एखाद्या पावसाळ्यात, सूरसागर भरून वाहत असताना आणि बाहेर पडता येत नसताना, हौस म्हणून शिकेन.

काकांचा आदर्श विचाराल तर मीर सुलतान खान. पंजाबातला, आपल्याच जुन्या नियमांवर वाढलेला, म्हणजे प्यादं एकेक घर चालणारा खेळ. मालकाबरोबर विलायतेला गेला आणि १९२९ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्ये. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं. युरोपी ओपनिंगशी त्याची धड तोंडओळख नव्हती, पहिल्या पंधरा चालींत तो अनेकदा अडचणीत यायचा आणि पुढे एंडगेममध्ये सगळं वसूल करायचा. १९३३ च्या अखेरीस मालकाबरोबर परत आला आणि मोठ्या बुद्धिबळातून नाहीसा झाला. फिडेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये, तो १९६६ सालीच वारलेला. काका हे सांगताना रागावतात. त्यांच्या मते जुन्या पद्धतीच्या खेळात मोहरे सावकाश पुढे येत, सगळा डावच प्याद्यांच्या हिशेबावर चाले, म्हणून सुलतान खानला शेवट आधी दिसायचा. हे सिद्ध कसं करणार? पण काकांबरोबर खेळताना मला ते खोटं वाटत नाही.

तो कापाब्लांका, क्यूबाचा, १९२१ ते १९२७ जगज्जेता, हाही शिकणाऱ्यांना शेवटापासून सुरुवात करा म्हणायचा. त्याचा टार्टाकोव्हरविरुद्धचा डाव, न्यूयॉर्क १९२४, काका सध्या मला तुकड्यातुकड्यानं शिकवतायत. हत्तींचं एंडगेम. पांढऱ्याचा हत्ती सातव्या रांगेत एच७ वर. काळ्याचा हत्ती सी३ वरचं प्यादं शहासकट खाणार हे उघड दिसतंय. माझ्यासारखीनं राजा प्यादं सांभाळायला धाडला असता. कापाब्लांका राजा उलट दिशेनं, जी३ वर नेतो. घे प्यादं. मग राजा एच४ वर. मग जी पट्टीवरचं प्यादं पुढे. काळा एफ४ वरचंही प्यादं शहासकट घेतो, आणि पांढरा राजा जी५ वरून एफ६ वर जाऊन उभा राहतो, काळ्या राजाच्या उशाशी. तिथून पुढे काळ्याचा हत्ती प्यादी मोजत बसतो आणि पांढरा राजा, हत्ती आणि जी प्यादं मिळून त्याच्या राजाचा श्वास कोंडतात.

राजा हा लपवून ठेवायचा मोहरा आहे, हे आपण पहिल्या दिवशी शिकतो आणि किल्लेकोट करून टाकतो. वजीर गेले की तोच सगळ्यात कामाचा लढवय्या होतो, हे वाक्य माझ्या वहीत कधीपासून लिहिलेलं आहे. पण दोन प्यादी समोरच्याच्या तोंडात देऊन, शह खात, त्याला पटाच्या त्या टोकाला चालवत न्यायचं, हे वहीतल्या वाक्यानं होत नाही.

गेल्या रविवारी काकांनी मला टार्टाकोव्हरच्या बाजूला बसवलं. सी प्यादं शहासकट फुकट मिळालं, मग एफ प्यादंही शहासकट, आणि तरी सुटायला वाट सापडेना. मी वेगवेगळ्या चाली करून बघितल्या. काका दर वेळी राजा एफ६ वर आणून ठेवायचे आणि चहाचा घोट घ्यायचे. एकदा मला वाटलं, त्यांना मी बऱ्यापैकी अडवलं, पण फोननं माझी बाजू घेतली नाही. येत्या रविवारी बाजू बदलायची आहे.